तासाला दोन कोटी

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पैसे भरून गेलेल्या पाहुण्याचा दिवस कसा जातो, आणि त्या दिवसाचे पैसे नेमके कशाकशाचे पडतात, हे तासातासाने मांडून पाहू. हा दिवस कुणा एकाचा नाही. ह्यूस्टनच्या ॲक्सिअम स्पेस या कंपनीने २०२२ पासून स्थानकावर नेलेल्या चार तुकड्यांचे अनुभव, स्थानकाचे रोजचे वेळापत्रक आणि नासाने वेळोवेळी जाहीर केलेले दर यांतून तो जुळवला आहे. पहिली तुकडी, ॲक्स-१, एप्रिल २०२२ मध्ये गेली. तिचे भाडे माणशी साडेपाच कोटी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले होते आणि ठरलेली सहल दहा दिवसांची होती. डॉलरला ८५ रुपये धरले तर तासाला साधारण १ कोटी ९५ लाख रुपये होतात. हा दर झोपेतही चालूच असतो.

सकाळी ६:००

दिवे लागतात. बाहेरच्या उजेडावर इथे भरवसा ठेवता येत नाही. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करते, त्यामुळे चोवीस तासांत सोळा वेळा उजाडते आणि सोळा वेळा मावळते. म्हणून घड्याळ ग्रीनिचचे ठेवले आहे. पुण्यात या वेळी सकाळचे साडेअकरा झालेले असतात, ह्यूस्टनला उन्हाळ्यात रात्रीचा एक.

सहा-सहा महिने राहणाऱ्या अंतराळवीरांना दार लावून घेता येईल अशी चिंचोळी का होईना, स्वतःची खोली असते. पाहुण्यांना ती मिळेलच असे नाही. सात घरचे आणि चार पाहुणे मिळून अकरा जण झाले की कुणी आपल्याच यानात झोपतो, कुणी प्रयोगशाळेच्या भिंतीला झोपेची पिशवी बांधून रात्र काढतो. एवढे पैसे मोजून खोली नाही, याची तक्रार मात्र आजवर कुणी केल्याचे वाचनात नाही.

तक्रार असते ती शरीराची. वजन नाहीसे झाले की अंगातला द्रव डोक्याकडे चढतो, चेहरा सुजतो, नाक चोंदते. अंतराळात जाणाऱ्या दर तिघांपैकी साधारण दोघांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ, डोकेदुखी, भोवळ यांनी ग्रासलेले असते. वैमानिक असो की व्यापारी, कुणाला त्रास होईल हे जमिनीवर ओळखता येत नाही. दहा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस ओकारीची पिशवी जवळ बाळगण्यात गेले तर नव्वद कोटींच्या वर रक्कम त्यातच संपली.

सकाळी ६:३०

शौचालय. नासाने ७ जून २०१९ रोजी स्थानक खासगी पाहुण्यांसाठी खुले करत असल्याचे जाहीर केले तेव्हा सोबत दरपत्रकही दिले. ते वाचण्यासारखे होते. हवा-पाणी आणि शौचालयाची व्यवस्था: माणशी दिवसाला ११,२५० डॉलर. जेवण, औषधे, व्यायामाची साधने वगैरे: २२,५०० डॉलर. वीज युनिटला ४२ डॉलर, म्हणजे सुमारे ३,५७० रुपये. महावितरणचे बिल पाहून हळहळणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. माहिती जमिनीवर पाठवायची तर एका जीबीला ५० डॉलर. सगळे मिळून रात्रीला सुमारे ३५,००० डॉलर. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेवढाच आकडा उचलला आणि ‘अवकाशात मुक्काम, रात्रीला पस्तीस हजार डॉलर’ अशा बातम्या झाल्या. तिथवर पोचण्याचे भाडे त्यात नव्हते. हज यात्रेकरूला फक्त मक्केतल्या खोलीचे भाडे सांगावे, तसा तो प्रकार होता.

दोन वर्षांत नासाला स्वतःलाच हे दर परवडेनासे झाले. २०२१ मध्ये पत्रक बदलले. त्याकडे दुपारच्या जेवणाला वळू.

शौचालयाचे मात्र कौतुक करायला हवे. मूत्र, घाम, श्वासातली वाफ हे सगळे गोळा करून स्थानक त्याचे पिण्याचे पाणी बनवते. २०२३ मध्ये नासाने ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचे जाहीर केले. पाहुण्याने सकाळी घेतलेली कॉफी काल कुणाची होती, हा प्रश्न इथे विचारत नाहीत.

सकाळी ७:१५

कॉफीचे पाकीट हातात घेऊन बैठकीला हजर. रोज सकाळी स्थानकावरचे सगळे जण आणि जमिनीवरची पाच केंद्रे एकमेकांशी बोलतात: ह्यूस्टन, हंट्सव्हिल, म्युनिक, त्सुकुबा आणि मॉस्को. कुणाच्या वेळापत्रकात काय बदलले, कुठले यंत्र बंद आहे, कुठली पिशवी कुठे हलवली, एवढेच बोलणे होते. पाहुणे असले की ह्यूस्टनमधला ॲक्सिअमचा स्वतःचा नियंत्रणकक्षही जोडीला येतो.

या बैठकीचे पैसे तिकिटावर वेगळे लिहिलेले नसतात, पण खर्चाचा मोठा भाग इथेच आहे. ह्यूस्टनच्या कक्षात आत्ता रात्रपाळी बसली आहे. विजेवर एक जण, हवेवर एक, दिशेवर एक, संगणकांवर एक. त्यांच्या मागे दुसऱ्या खोलीत त्यांना आकडे पुरवणारे आणखी काही. अशा तीन पाळ्या, आठवड्याचे सातही दिवस, २ नोव्हेंबर २००० पासून म्हणजे स्थानकावर माणूस राहायला आल्यापासून आजवर खंड नाही. नासाचा स्थानकावरचा वार्षिक खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर आहे. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागून पाहिले तर तासाला साडेतीन लाख डॉलरच्या जवळ जातो. पाहुणा असो वा नसो, अमेरिकी करदात्याचे हे मीटर चालूच राहते. पाहुण्याने भरलेल्या रकमेतले नासाकडे जाते ते त्या मानाने थोडेच.

सकाळी ८:००

काम सुरू. पाहुण्याला काम कसले, असे वाटेल. पण ॲक्स-१ चे चौघे २५ हून जास्त प्रयोग घेऊन गेले होते. त्यांत अमेरिकेतले बांधकाम व्यावसायिक लॅरी कॉनर, कॅनडाचे उद्योजक मार्क पॅथी आणि इस्रायलचे माजी लढाऊ वैमानिक एतान स्टिबे असे तिघे पैसे भरणारे. तुकडीचे प्रमुख मायकेल लोपेझ-अलेग्रिया नासाचे निवृत्त अंतराळवीर. जाण्याआधी या मंडळींनी साडेसातशे ते हजाराहून जास्त तास प्रशिक्षण घेतले होते. ज्यांच्याकडे साडेपाच कोटी डॉलर आहेत त्यांच्याकडे इतका वेळही असावा लागतो. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे, असे मला वाटते.

जून २०२५ मध्ये ॲक्स-४ मधून गेलेल्या ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांच्याकडे भारतीय शास्त्रज्ञांचे सात प्रयोग होते. मेथी आणि मुगाला वजनाविना मोड कसे येतात, स्नायूंच्या पेशी कशा वाढतात, सूक्ष्म शैवाल आणि जलअस्वल म्हटला जाणारा चिवट सूक्ष्मजीव तिथे कसे तग धरतात, अशा विषयांवर. ते पर्यटक म्हणून गेले नव्हते, सरकारने पाठवलेले वैमानिक होते. पण खुर्ची तीच होती, आणि ती त्याच दुकानातून विकत घेतलेली होती.

संगणकाच्या पडद्यावर आजचा दिवस आडवा मांडलेला आहे. प्रत्येकाच्या नावापुढे कामांच्या चौकटी, काही तर पाच-पाच मिनिटांच्या. त्यांवरून एक उभी लाल रेषा डावीकडून उजवीकडे सरकत असते. ती रेषा म्हणजे ‘आत्ता’. हातातले काम तिच्या मागे पडले की अंतराळवीर म्हणतो, लाल रेषा पुढे गेली. दिवसभर सगळे तिच्याशी शर्यत लावून असतात.

सकाळी ९:४०

पाहुण्याची लाल रेषा पुढे गेली.

कारण साधे असते. जमिनीवर नमुन्याची कुपी उघडायला, नळी लावायला, टिपण करायला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात इथे काहीच होत नाही. पेन सोडले की तरंगत निघून जाते. कुपी ठेवायला टेबल नाही. असेल तरी तिथे वस्तू टिकत नाही. दोन हात कामात असताना शरीर भिंतीपासून सुटते, म्हणून पायाची बोटे दांड्यात अडकवायची, आणि ती सवय यायला दिवस जातात. ॲक्स-१ च्या मंडळींनी परत आल्यावर मोकळेपणाने सांगितले की सुरुवातीच्या दिवसांचे वेळापत्रक फारच भरगच्च ठेवले गेले आणि कामे ठरल्यापेक्षा कितीतरी लांबली.

आणि मग पाहुणा वळून शेजारच्याला विचारतो, अमुक पिशवी कुठे आहे हो?

सगळ्या हिशेबातली कळीची जागा ही आहे. शेजारचा जो आहे त्याचा दिवसही असाच आखलेला आहे. साडेसहा तास प्रत्यक्ष काम, अडीच तास व्यायाम, बाकी जेवण, बैठका, झोप. त्याचा तास स्थानकावरची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. वीज सूर्यापासून मिळते, पाणी फिरून येते, हवा बनवता येते. अंतराळवीराचा मोकळा तास कुठून आणणार? नासाने २०१९ मध्ये व्यावसायिक कामांसाठी अंतराळवीराच्या एका तासाला १७,५०० डॉलर लावले होते. २०२१ मध्ये तोच दर १,३०,००० डॉलर केला. आपल्या हिशेबाने १ कोटी १० लाख रुपये. पिशवी शोधण्यात दोघांची दहा मिनिटे गेली तर यजमानाच्या बाजूचे साडेअठरा लाख.

प्रत्यक्षात पाहुण्यांना असे तासावर बिल लागत नाही. यजमानांच्या वेळेपोटी एका मोहिमेला ५२ लाख डॉलर असा ठोक आकार नव्या दरपत्रकात आहे, आणि आखणी वगैरेंसाठी ४८ लाख वेगळे. तासाच्या दराने पाहिले तर ५२ लाख म्हणजे बरोबर ४० तास. चार पाहुणे आणि स्थानकावरचे आठ दिवस धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सव्वा तास यजमान येतो. ॲक्स-१ ला तेवढा पुरला नाही. त्या मोहिमेनंतर नासाच्या सुरक्षा सल्लागार मंडळातून स्पष्ट सांगितले गेले की पाहुण्यांमुळे स्थानकावरच्या आणि जमिनीवरच्याही लोकांवर कामाचा जादा ताण आला. त्याच वर्षी नासाने नियम केला की खासगी तुकडीचा प्रमुख नासाचा माजी अंतराळवीरच हवा. ॲक्सिअमचा बेत पुढे चारही खुर्च्या विकण्याचा होता. नियमाने विकायला तीनच उरल्या, आणि चौथीचा खर्च त्या तिन्हींवर पडला.

सकाळी ११:३०

शाळेतल्या मुलांशी हॅम रेडिओवर गप्पा. स्थानक एका जागेच्या क्षितिजावरून उगवून दुसऱ्या बाजूला मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटे मिळतात. प्रश्न ठरलेले: झोप कशी येते, जेवता कसे, भीती वाटते का. पाहुण्याच्या दिवसातले सगळ्यांत आनंदाचे काम हेच असावे.

दुपारी १:००

जेवणाची सुटी, एक तास. २०२१ च्या पत्रकात जेवणाचे माणशी दिवसाला २,००० डॉलर आहेत, म्हणजे १ लाख ७० हजार रुपये. मसाल्याच्या दृष्टीने पाहिले तर पदार्थ फिकेच. नाक चोंदलेले असल्याने चवही अर्धी लागते. म्हणून स्थानकावर तिखट सॉसला मागणी असते. शुक्लांनी गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. २८ जून २०२५ रोजी पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी तो सहप्रवाशांसोबत खाल्ल्याचे सांगितले.

पण खरा आकडा जेवणाचा नाही, ते वर नेण्याचा आहे. पाहुण्याला लागणारे सामान मालवाहू यानातून नेण्या-आणण्यापोटी माणशी दिवसाला ८८,००० ते १,६४,००० डॉलर असे पत्रक सांगते. म्हणजे पाऊण कोटी ते १ कोटी ४० लाख रुपये. व्यावसायिक सामानाचा दर वर नेताना किलोला २०,००० डॉलर, खाली आणताना ४०,०००. उतरणीचे भाडे चढणीच्या दुप्पट असलेला घाट दुसरा नसेल. कारण असे की बहुतेक मालवाहू याने परतताना वातावरणात जळून जातात. सामान धडपणे परत आणणारी याने फारच थोडी.

याच वेळी टेक्सासमध्ये सकाळ असते, आणि तिथल्या व्हॅन हॉर्न गावाजवळून २०२६ च्या सुरुवातीपर्यंत दुसऱ्या प्रकारची सहल निघत असे. ब्लू ओरिजिनचे न्यू शेपर्ड सरळ वर जाई, १०० किलोमीटरची रेषा ओलांडे आणि सुमारे दहा मिनिटांत वाळवंटात परत उतरे. वजनरहित अवस्था तीन-चार मिनिटे. २० जुलै २०२१ च्या पहिल्या प्रवासी उड्डाणात जेफ बेझोससोबत ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. त्यातली एक खुर्ची लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली होती, आणि ज्याने ती घेतली तो त्या दिवशी आलाच नाही. त्याच्या जागी १८ वर्षांचा डच मुलगा गेला. मे २०२४ मध्ये मूळचे आंध्रचे गोपी थोटाकुरा याच यानातून गेले आणि अवकाशात जाणारे पहिले भारतीय पर्यटक ठरले. १४ एप्रिल २०२५ रोजी गायिका केटी पेरी गेली, तेव्हा स्थानकाच्या घड्याळात दीड वाजला होता.

दुसरी कंपनी व्हर्जिन गॅलॅक्टिक. तिचे तिकीट सुरुवातीला दोन लाख डॉलर होते. पुढे अडीच, २०२१ मध्ये साडेचार, त्यानंतर सहा लाख. २००५ मध्ये तिकीट काढलेले जॉन गुडविन ऑगस्ट २०२३ मध्ये अवकाशात पोचले. मधल्या काळात त्यांना पार्किन्सन्सचा आजार जडला होता. कोट्टयमचे प्रवासी-चित्रनिर्माते संतोष जॉर्ज कुलंगरा यांनीही २००७ पासून नाव नोंदवलेले. जून २०२४ मध्ये कंपनीने आपले ते एकमेव प्रवासी यान निवृत्त केले आणि नव्या यानाच्या तयारीला लागली. स्वस्त होत जाणाऱ्या धंद्याची ही लक्षणे नव्हेत.

दुपारी २:३०

पुन्हा प्रयोग. यजमान ट्रेडमिलवर, पट्ट्यांनी खाली ओढून बांधलेला. व्यायाम केला नाही तर हाडे महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. पाहुण्याचा मुक्काम थोडा असल्याने त्याला तेवढी सक्ती नाही, पण यंत्रांची पाळी चुकवून चालत नाही. अकरा माणसांच्या घरातली कामे जशी एकमेकांच्या वाटेत येतात तशी इथेही येतात.

सायंकाळी ५:००

घुमट. यासाठीच तर आलो, असे ज्याला वाटते ती जागा. २०१० मध्ये बसवलेल्या या छोट्या कक्षाला सात खिडक्या आहेत, आणि त्या पृथ्वीकडे तोंड करून आहेत. अरबी समुद्रावरून येताना कोकणची किनारपट्टी दिसू लागते आणि मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतचा महाराष्ट्र दोन मिनिटांच्या आत मागे पडतो. जे परत आले त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी वातावरणाचा उल्लेख केला आहे: किती पातळ आहे ते!

त्याच पातळ थरातून त्यांचे रॉकेट वर आले आहे. फाल्कन-९ रॉकेल जाळते, आणि त्याची काजळी थेट स्थितांबरात सुटते. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ती लवकर खाली येत नाही. २०२२ मधल्या एका अभ्यासात असे दिसले की रॉकेटची काजळी जमिनीजवळच्या स्रोतांतल्या काजळीपेक्षा उष्णता धरून ठेवण्यात सुमारे ५०० पट प्रभावी आहे. उड्डाणे मोजकी आहेत तोवर हे पोटात घालता येईल. धंदा वाढला तर नाही. आणि वाढल्याशिवाय तो स्वस्त होणार नाही, असे विकणारेच सांगतात.

खिडकीशी पाहुण्याला वीस मिनिटे मिळाली. लाल रेषा पुढे सरकली.

सायंकाळी ६:४५

संध्याकाळची बैठक. पुन्हा पाच केंद्रे, उद्याचे बदल. आज हवामानाची गोष्ट निघाली. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत यान फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरत असे. तिथे वारा किंवा लाटा जास्त असल्या की परतणे लांबे. ॲक्स-१ चे असेच झाले. दहा दिवसांची मोहीम सतरा दिवसांची झाली आणि जादा मुक्कामाचे पैसे नासाने लावले नाहीत. तसा करारच होता. सतरा दिवसांनी भागले तर भाव तासाला १ कोटी १५ लाखांवर येतो. खराब हवेने स्वस्ताई आणल्याचे अवकाश पर्यटनातले हे एकमेव उदाहरण असावे.

उलट घडते ते निघताना. ॲक्स-४ चे उड्डाण मे अखेरीचे जूनमध्ये, मग पुन्हा पुन्हा पुढे गेले. एकदा रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती, एकदा स्थानकाच्या रशियन भागातल्या हवागळतीची तपासणी. शेवटी २५ जूनला निघाले. तोवर चौघेही विलगीकरणात बसून होते.

रात्री ८:००

जेवणानंतर सगळे एकत्र तरंगतात. पाहुण्याच्या चर्चेचा विषय बहुतेक पैसे नसावा, पण आपला आहे.

डेनिस टिटो हा पहिला पाहुणा. २८ एप्रिल २००१ रोजी बैकानूरहून सोयुझमधून निघाला. वय ६०, तरुणपणी नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत अभियंता, नंतर गुंतवणुकीच्या धंद्यात श्रीमंत. नासाचा त्याला विरोध होता, रशियाला पैसे हवे होते. त्याने सुमारे २ कोटी डॉलर भरले. २०२२ मध्ये ॲक्सिअमचे ५.५ कोटी झाले. मधल्या २१ वर्षांत महागाईने दोन कोटींचे फार तर तीन-साडेतीन कोटी व्हायला हवे होते. याच काळात उपग्रह नेण्याचा खर्च मात्र खरोखर उतरला, कारण २०१७ पासून फाल्कन-९ चा खालचा टप्पा पुन्हा पुन्हा वापरला जाऊ लागला. मग माणसाचे भाडे का चढले?

उत्तर एका भागाकारात आहे. ॲक्स-१ च्या काळात उपग्रहासाठी फाल्कन-९ चे जाहीर भाडे सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर होते. चार खुर्च्यांचे चारपट भाडे धरले तर होतात २२ कोटी. रॉकेट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि इंधन तर त्यातला किरकोळ भाग. उरलेले दोन तृतीयांश माणूस जिवंत नेण्याचे आणि जिवंत आणण्याचे: यान, पोशाख, प्रशिक्षण, समुद्रात थांबलेली बोट, डॉक्टर, नियंत्रणकक्ष, स्थानकाचा आकार. हे सगळे माणसांच्या तासांत मोजले जाते, आणि माणसांचे तास रॉकेटसारखे पुन्हा वापरता येत नाहीत. विमानाचे उदाहरण लोक नेहमी देतात, की तेही आधी श्रीमंतांचेच होते. विमान स्वस्त झाले कारण एका वैमानिकामागे दोनशे प्रवासी बसू लागले. इथे अजून चार प्रवाशांमागे शेकडो लोक आहेत.

जिवाची जोखीम तिकिटात धरलेली नाही. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार प्रवाशाने धोका समजून घेऊन सही करायची असते; प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करायला सरकारला केलेली मनाई वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आली आहे. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनचे यान चाचणीत मोडले आणि सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी गेले.

आता पाहुणे कोण येतात, हेही पाहण्यासारखे आहे. ॲक्स-१ मध्ये तीन धनिक होते. ॲक्स-२ मध्ये एक, आणि दोघे सौदी सरकारचे. ॲक्स-३ मध्ये इटली, तुर्किये, स्वीडन. ॲक्स-४ मध्ये भारत, पोलंड, हंगेरी. शेवटच्या दोन तुकड्यांत स्वतःच्या खिशातून भाडे भरून गेलेला एकही जण नव्हता. ज्यांच्याजवळ खरोखर पैसे आहेत ते आता स्थानकाच्या वाटेलाच जात नाहीत. अख्खे यान भाड्याने घेऊन तीन-पाच दिवस स्वतंत्र फिरून येतात, जसे २०२१ मध्ये जॅरेड आयझॅकमनने केले. स्थानकावरची खुर्ची सरकारे घेत आहेत. पर्यटनाच्या नावाने उघडलेल्या दुकानाचे मुख्य गिऱ्हाईक करदाता निघाला.

रात्री ९:३०

दिवे मंद. पुण्यात पहाटेचे तीन. साडेआठ तासांची झोप, साडेसोळा कोटींची.

या स्थानकाचे आयुष्य २०३० पर्यंत ठरलेले आहे. त्यानंतर ते पॅसिफिकमध्ये उतरवण्यासाठीच्या यानाचे ८४ कोटी ३० लाख डॉलरचे कंत्राट २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिले गेले. ॲक्सिअम, व्हास्ट आणि आणखी काही कंपन्या आपापली स्थानके उभारण्याच्या खटपटीत आहेत. तिथे यजमान संशोधक नसतील, पाहुण्यांसाठीच नेमलेले असतील. तेव्हा कदाचित एका पाहुण्यामागे लागणारे तास कमी होतील आणि भाडेही उतरेल. कमी झाले म्हणजे साडेपाच कोटींचे दोन कोटी डॉलर, टिटोच्या काळाइतके. आपल्या पिढीतल्या मध्यमवर्गीयाने यासाठी पैसे साठवायचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारताच्या खुर्चीचा विचार वेगळा करावा लागतो. तिचे सुमारे साडेपाचशे कोटी रुपये मोजल्याचे प्रसिद्ध झाले. त्यात शुक्ला आणि त्यांचे राखीव साथीदार प्रशांत बालकृष्णन नायर या दोघांचे प्रशिक्षण आले, आणि २०,१९३ कोटींच्या गगनयान कार्यक्रमाला, आपल्या माणसाने अठरा दिवस स्थानकावर राहून पाहिलेले कामाचे तंत्र मिळाले. सौदा वाईट नाही. पण तो आपल्या पैशांनी झाला आहे. म्हणून शुक्लांच्या हलव्यावर जितके लिहिले गेले तितके त्या सात प्रयोगांवरही लिहिले जावे, असा आग्रह वाचकांनी धरावा. त्यांचे निष्कर्ष छापून येतील तेव्हा ते मागवून वाचावेत.